गाडी पडली, उचलायची कोणी?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



‘अ‍ॅटिट्यूड’ हा शब्द आता जवळजवळ मराठी झाला आहे. फक्त आपल्याकडे येता येता त्याचा अर्थ बदलला. ‘त्याला फार अ‍ॅटिट्यूड आहे’ असं कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी म्हणालं की समजायचं, मुलगा ताठ आहे, कुणाला मोजत नाही. मोटारसायकलच्या टाकीवर, मागच्या मडगार्डवर हा शब्द स्टिकर होऊन बसलेला आपण रोज बघतो. मूळ अर्थ अगदी साधा आहे. समोर आलेल्या गोष्टीला सामोरं जायची आपली रीत. आज ज्या मुलांबद्दल बोलायचं आहे तीही मोटारसायकलवरचीच आहेत, पण त्यांच्याबाबतीत हा शब्द मूळ अर्थानेच घ्यावा लागतो. ही मुलं मोटोक्रॉस खेळतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या बंद ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत. चढ, उतार, गाडी हवेत उडवणारे मातीचे उंचवटे, वळणांत खोल पडलेल्या चाकोऱ्या आणि पाऊस झाला तर चिखल. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीला झालेल्या शर्यतीपासून या खेळाची सुरुवात मानतात. तेव्हा त्याला ‘स्क्रॅम्बल’ म्हणत. स्टेडियममध्ये माती आणून, तिथेच ट्रॅक बांधून हाच खेळ खेळला की तो सुपरक्रॉस. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झालेली अशी शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या मुलाने जिंकली, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. आपल्याकडे २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. परदेशी रायडरांच्या ४५० सीसीच्या गाड्या तिथे होत्या, पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेसारखे आपले रायडर होते आणि ८५ सीसीवर बसणारी ज्युनियर मुलंही होती.

या गाड्यांना दिवा नसतो, आरसा नसतो, नंबरप्लेट नसते. रस्त्यावर त्या चालवायच्याच नसतात. सगळ्यात लहान, ५० सीसीची गाडी साधारण ४० किलोची. २५० सीसीची शंभर किलोच्या वर जाते. हे वजन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवी मुंबईत माती काही कमी नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हापासून हे शहर डोंगर कापत आणि खाडी भरत वाढलं. विमानतळासाठी उलव्याचा अख्खा डोंगर सपाट केला. ८ ऑक्टोबर २०२५ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मधल्या वर्षांत उलव्याला, तळोज्याला, खारघरच्या न बांधलेल्या प्लॉटांवर मातीचे ढीग पडलेले असायचे आणि पोरं त्यांच्यावरून हाताला लागेल ती गाडी उडवायची. पावसाळ्यातली स्कूटर रॅलीही या बाजूला येऊन गेली. चिखलात रुतलेल्या स्कूटरी ढकलणारी माणसं बघायला छत्र्या घेऊन गर्दी व्हायची. शहराने पुढे सेंट्रल पार्क केलं, गोल्फचं मैदान केलं. मातीच्या ट्रॅकचा विचार मात्र आराखडा करणाऱ्यांच्या मनाला शिवला नसावा. त्यामुळे हा खेळ गंभीरपणे खेळायचा तर इथल्या मुलाला गाडी टेंपोत घालून पुणे, नाशिक, नाहीतर थेट बेंगळुरू गाठावं लागतं. गंमत बघा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि अटल सेतूवरही आहे. मोटोक्रॉसची गाडी मात्र पिकअपच्या हौद्यात दोऱ्या बांधून, ऐटीत द्रुतगती मार्गाने जाते.

जी मुलं इतक्या लांब जात नाहीत त्यांच्यातली काही पामबीच मार्गावर जातात. वाशीपासून बेलापूरपर्यंतचा तो सरळसोट रस्ता, रात्री उशिरा किंवा पहाटे मोकळा. तिथल्या शर्यती, नाकाबंद्या आणि अपघात यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. कायदा काही गप्प नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तरी शर्यती होतात.

मी काही वर्षं मातीच्या ट्रॅकवर मार्शल म्हणून उभा राहतो. मार्शल म्हणजे वळणावर झेंडे घेऊन उभा असलेला माणूस. पुढे कुणी पडलं असेल तर पिवळा झेंडा हलवायचा, मागून वेगवान रायडर येत असेल तर हळू असणाऱ्याला निळा दाखवायचा. पगार नाही, जेवणाचं पाकीट मिळतं. पण त्या जागेवरून मुलं जशी दिसतात तशी ती त्यांच्या आईवडिलांनाही दिसत नसतील असं मला वाटतं.

सुरुवातीचंच घ्या. सगळ्या गाड्या एका रांगेत, प्रत्येकीच्या पुढच्या चाकासमोर लोखंडी फाटक. आधी १५ सेकंदांची पाटी दाखवतात, मग ५ सेकंदांची आणि त्यानंतर काही क्षणांत फाटक पडतं. नेमकं कधी पडणार ते कुणाला ठाऊक नसतं. आता यातली खुबी अशी, की हे फाटक रायडरच्या दिशेने मागे पडतं. उतावळेपणाने जो आधीच पुढे सरकला त्याचं चाक फाटकाला अडतं, फाटक नीट पडत नाही आणि बाकीची रांग निघून जाते. पंचाला शिट्टी वाजवावी लागत नाही, कुणी दंड करत नाही. १० वर्षांचं पोर दोन शर्यतींत समजून चुकतं की घाई केली तर आपलंच नुकसान आहे. घरी हेच समजवायला आईचं आयुष्य जातं.

दुसरी गोष्ट मदतीची. या खेळाच्या नियमांत बाहेरच्या माणसाने ट्रॅकवर येऊन रायडरला मदत करायची नाही असं स्पष्ट आहे. सुरक्षेसाठी मार्शल येतील तेवढेच. अगदी लहानग्यांच्या गटात आम्ही गाडी उचलून देतो, कारण ४० किलोची गाडी २५ किलोच्या मुलाने उचलायची कशी? पण जरा मोठा गट झाला की ज्याची गाडी पडली त्यानेच उचलायची, चालू करायची, हँडल वाकडं झालं असेल तर तसंच सांभाळत पुढे जायचं. वडील कुंपणापलीकडे उभे असतात आणि त्यांना आत यायची सोय नसते. आपल्या समाजात मूल पडलं आणि वडिलांनी जागचं हलायचं नाही, असे प्रसंग किती येतात?

म्हणून तो क्षण मी फार लक्ष देऊन बघतो. मूल पडतं, उठतं, आणि पहिल्यांदा कुठे बघतं? काही मुलं कुंपणाकडे बघतात. पप्पांच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचतात आणि मग ठरवतात की आपल्याला लागलंय की नाही, रडायचं की नाही, चूक कुणाची. काही मुलं गाडीकडे बघतात, मग मागे, कुणी अंगावर येत नाही ना म्हणून. कुंपणाकडे बघणारं मूल गाडीकडे बघायला लागायला एक मोसम जातो, काहींना दोन. काहींचं ते होतच नाही आणि त्यात मुलाचा दोष थोडा असतो.

एकदा शर्यत संपल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे तावातावाने आले. ‘अहो, त्या पोराने माझ्या मुलाला सरळ कट मारला, तुम्ही काय झेंडा धरून झोपला होतात का?’ मुलगा शेजारी उभा होता. तोवर तो काही बोलला नव्हता. बाबांचं वाक्य संपलं आणि तो म्हणाला, ‘हो, त्यानेच पाडलं.’ खरं म्हणजे वळणावर याचंच मागचं चाक घसरलं होतं आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. पण बहाणा तयार मिळाला, तो त्याने घेतला.

त्याच दिवशी दुसरं एक दृश्य पाहिलं. ११-१२ वर्षांचा मुलगा गाडी ढकलत पॅडॉकमध्ये आला. पॅडॉक म्हणजे टेंपो, तंबू आणि गाड्या लावायची जागा. ‘पप्पा, चेन उतरली.’ वडिलांनी विचारलं, ‘सकाळी बघितली होतीस?’ मुलगा गप्प. वडीलही थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘बरं, पाना कुठाय?’ आणि दोघं खाली बसले. पाना मुलाच्या हातात, वडील फक्त चाक धरून. दुसऱ्या फेरीत तो शेवटून तिसरा आला. मला त्या वडिलांचं नाव विचारायचं राहून गेलं.

चेन हे साधं उदाहरण. या गाड्यांचं खरं काम शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आणि नंतरच्या रात्री असतं. चेन तीन बोटांनी दाबून तिचा ढिलेपणा बघायचा. चाकाच्या प्रत्येक स्पोकवर पाना वाजवायचा. ढिला स्पोक बद्द वाजतो, घट्ट असलेला टण्ण वाजतो. सगळ्यात कंटाळवाणं काम एअर फिल्टरचं. आपल्या रोजच्या मोटारसायकलचा फिल्टर सर्व्हिसिंगला बघतात, त्याची आपल्याला आठवणही नसते. मोटोक्रॉसच्या गाडीचा फिल्टर फोमचा असतो. दिवसभर धूळ खाल्लेला तो फोम काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवायचा, पुन्हा त्याला चिकट ऑइल चोळून बसवायचा. हात काळे होतात, वास जात नाही. हे एकदा टाळलं तर काही दिसत नाही. दोन-तीनदा टाळलं तर बारीक धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन आणि रिंगा खाऊन टाकते आणि इंजिन एका फेरीत मान टाकतं. त्या वेळी मुलाला कुणी ओरडलं नाही तरी चालतं.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हा लाखांचा खेळ. गाडी बापाच्या पैशाची, टेंपो बापाच्या पैशाचा, बूट आणि हेल्मेटसुद्धा. यात कसलं आलंय स्वावलंबन? महाराष्ट्राला हा शब्द शिकवला कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ म्हणत गरिबांच्या मुलांना शेतात राबून, खडी फोडून शिकायची वाट दाखवली. त्या मुलांसमोर या मुलांचं नाव घ्यायचं धाडस मी करणार नाही. पैशाच्या बाबतीत मोटोक्रॉसचा मुलगा पूर्ण परावलंबी आहे, हे कबूलच केलं पाहिजे.

पण पैसा असलेल्या घरांतल्या मुलांचं काय करायचं, हाही आजचा प्रश्न आहेच. नवी मुंबईत अशी घरं आता थोडी नाहीत. तिथे मुलाचं दप्तर कुणी भरतं, डबा कुणी, प्रोजेक्ट कुणी करून देतं. खेळातही तीच सवय येते. वडील पगारी मेकॅनिक ठेवतात. मुलगा तयार गाडीवर बसतो, शर्यत मारतो, उतरतो, मोबाइल काढतो. आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, असा मुलगा बऱ्याचदा जिंकतो. त्याची गाडी चांगली असते, सराव जास्त असतो, तो दमलेला नसतो. स्वतः फिल्टर धुणारा मुलगा त्याच्या मागे चौथा-पाचवा येतो. म्हणून पालकांना हा निर्णय अवघड जातो. मुलाच्या हातात पाना द्यायचा म्हणजे काही चषक सोडून द्यायची तयारी ठेवायची. भाषणात हे सोपं वाटतं, रविवारी संध्याकाळी बक्षीस समारंभात टाळ्या दुसऱ्याच्या मुलाला पडत असताना वाटत नाही.

देशी गाड्यांच्या गटात वेगळं चित्र असतं. तिथे गॅरेजमध्ये काम करणारी, रायडर व्हायचं म्हणून जुनी गाडी स्वतः उघडून जोडलेली मुलं अजून दिसतात. आपल्याकडचा हा खेळ बराच काळ अशाच मुलांनी चालवला. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून ती सांगतात, प्लग जातोय की कार्बोरेटर. पॅडॉकमध्ये महागड्या गाडीवाल्याचा मेकॅनिक वेळेवर आला नाही, तर मदतीला याच मुलांना बोलावतात आणि ती येतात. थोड्या वेळाने ज्याला हरवायचं आहे त्याची गाडी आत्ता चालू करून देतात. अ‍ॅटिट्यूड म्हणतात तो हा असावा.

स्वावलंबन या शब्दाचा एक वाईट वापरही मी मैदानावर ऐकतो. ‘मर्द आहेस ना, ऊठ, काही झालं नाही.’ हेल्मेट आपटलेलं, मुलगा डोळे मिटतोय, आणि बाप कुंपणावरून ओरडतोय. इथे मी ठाम आहे. मुलाने गाडी स्वतः उचलावी. स्वतःचं डोकं तपासायचं काम त्याच्यावर टाकू नये. डोक्याला मार बसला की त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही, मूल कितीही म्हणो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असणाऱ्या वाढीच्या भागाला इजा झाली तर तो हात किंवा पाय पुढे नीट वाढेलच असं नाही. गळपट्टीचं हाड मोडणं तर या खेळात नेहमीचं. मानेच्या पट्ट्याचीच गोष्ट बघा. ख्रिस लिएट नावाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरने डोळ्यांसमोर एका रायडरचा मृत्यू पाहिला आणि मग मानेचं संरक्षण करणारा पट्टा तयार केला. हेल्मेट, बूट, छातीचं कवच, जागेवर रुग्णवाहिका, याची काळजी मोठ्यांनीच घ्यायची असते.

हा खेळ पुढे कुठे नेतो, तेही सांगितलं पाहिजे. बेंगळुरूचा सी. एस. संतोष मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमधूनच वर आला. २०१३ साली अबूधाबीच्या वाळवंटातल्या शर्यतीत त्याच्या गाडीने पेट घेतला, तो भाजला. दोन वर्षांनी, २०१५ला, त्याने दक्षिण अमेरिकेतली डकार रॅली पूर्ण केली, ३६व्या क्रमांकाने. मोटारसायकलवर डकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. २०२१ला सौदी अरेबियात पुन्हा भीषण अपघात झाला, डॉक्टरांनी त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवलं होतं, त्यातून तो बाहेर आला. केरळचा हरिथ नोहा राष्ट्रीय सुपरक्रॉस विजेता. त्याने २०२४च्या डकारमध्ये ‘रॅली टू’ हा गट जिंकला आणि एकूण क्रमवारीत ११वा आला. बेंगळुरूच्याच ऐश्वर्या पिसे हिने २०१९ला बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिला गटाचं विजेतेपद मिळवलं. मुलींच्या आईवडिलांसाठी हे मुद्दाम सांगितलं, कारण ‘मुलीला कशाला?’ हा प्रश्न मला अजून विचारतात.

डकारमध्ये एक गट असा आहे की त्यातल्या रायडरला मदतनीस ठेवता येत नाही. आयोजक त्याची एक पेटी पुढच्या मुक्कामाला पोचवतात, बाकी सगळं त्याचं त्याने. दिवसभर शेकडो किलोमीटर वाळू तुडवून यायचं, मग डोक्याला दिवा लावून गाडी उघडायची, फिल्टर बदलायचा, चेन बघायची, पहाटे पुन्हा निघायचं. मोठमोठ्या संघांचे रायडर त्या तंबूंजवळून जाताना आदराने थांबतात असं म्हणतात. ही सवय तिथे जाऊन लागत नाही. ती कधीतरी ११-१२व्या वर्षी, एखाद्या बाल्कनीत, प्लास्टिकच्या टबात फोम चुरगाळताना लागलेली असते.

बाल्कनी मुद्दाम म्हटलं. नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये गॅरेज नसतं. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तीही सेक्रेटरीची परवानगी असेल तर. धुण्याच्या पाण्यावरून वाद, आवाजावरून वाद. ‘इंजिन चालू करणार नाही, काका’ असं लिहून दिलेली मुलंही मला माहीत आहेत. त्या मुलांनी शेजाऱ्यांशी जुळवून घेतलेलं असतं. वॉचमनशी मैत्री केलेली असते, गाडी धुतल्यावर फरशी स्वतः झाडलेली असते. हे त्यांच्या आईवडिलांनी केलेलं नसतं.

शर्यतीच्या रविवारी पुण्याहून परतणारा पिकअप कळंबोलीच्या नाक्यावर पोचतो तेव्हा रात्रीचे ११ वाजून गेलेले असतात. मागे गाडी चिखलाने माखलेली, पुढे मुलगा बापाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला. त्याला हलवून जागं करतात. गाडी उतरवायला एका बाजूने त्यालाच धरायची असते. सोमवारी शाळा आहे, आणि फिल्टर अजून धुवायचाय.